रक्त कुठे जातंय, ते आधी विचारा

या अंकासाठी आलेल्या पत्रांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबद्दलची पत्रं इतकी आहेत, की या वेळचं सदर त्यांनाच द्यायचं ठरवलं. मी पोटाची सर्जन आहे, सव्वीस वर्षं हेच काम करते. पत्रांतून ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, आणि लांब पत्रांतला मुख्य प्रश्न तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : माझी आई ५८ वर्षांची. वर्षभर ती थकलेलीच असायची. जिना चढताना मध्येच थांबायची, दुपारी आडवी झाली की उठवायची नाही तिला. आम्हाला वाटलं, वय झालं, दगदग होते. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.६. तिचं पोट एकदाही दुखलं नाही, शौचातून रक्त गेलेलं तिने पाहिलं नाही, भूकही बरी होती. आणि कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने आतडं आतून पाहण्याच्या तपासणीत, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच पाच सेंटीमीटरची गाठ निघाली. एवढी गाठ पोटात असताना पोटाला कळलंच नाही, हे कसं? आमचं काही पाहायचं राहून गेलं का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुमचं काही पाहायचं राहिलं नाही. आईच्या गाठीची जागाच अशी होती की तिथलं काही डोळ्यांना दिसत नाही.

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. पोटाच्या उजव्या बाजूला खाली, अपेंडिक्स असतं तिथे ते सुरू होतं, वर यकृतापर्यंत चढतं, आडवं डावीकडे जातं आणि मग खाली उतरून गुदाशयाला मिळतं. लहान आतडं रोज लिटर-दीड लिटर पातळ द्रव त्याच्या हवाली करतं. त्यातलं पाणी शोषत शोषत उरलेला भाग पुढे ढकलायचा, हे मोठ्या आतड्याचं मुख्य काम. म्हणजे उजवीकडे सगळं पातळ असतं, आणि तिथे आतडंही शेवटच्या भागाच्या दुपटीच्या आसपास रुंद असतं. भिंतीवर पाच सेंटीमीटरची गाठ वाढली तरी द्रव तिच्या बाजूने निघून जातो. काही अडत नाही. शिवाय आतड्याच्या आतल्या अस्तराला कापल्याचं, खरचटल्याचं दुखणं कळतच नाही. आतडं ताणलं गेलं तर दुखतं. आईचं आतडं ताणलं गेलं नव्हतं, म्हणून पोट गप्प राहिलं.

रक्त मात्र जात होतं. वाढत्या गाठीला रक्तपुरवठा लागतो, तो मिळवण्यासाठी ती नव्या रक्तवाहिन्या तयार करून घेते, आणि त्या कच्च्या असतात. गाठीचा पृष्ठभाग जखमेसारखा होतो, पुढे सरकणारा मल त्याला घासत राहतो, आणि रक्त झिरपतं. थोडंसंच, पण रोज. आता हिशोब बघा. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. रोज एक छोटा चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर रक्त गेलं, तर अडीच मिलिग्रॅम लोह गेलं. दिवसभराच्या खाण्यातून शरीर सहसा एक ते दोन मिलिग्रॅम लोह आत घेतं. बाकीची तूट साठ्यातून भरून काढावी लागते. साठा पुरतोय तोवर हिमोग्लोबिन जागचं हलत नाही. साठा संपला की ते घसरायला लागतं. आणि तो चमचाभर रक्ताचा भाग एवढा लांबचा रस्ता कापून मलात मिसळून जातो, तेव्हा बाहेर पडताना त्याचा रंगही वेगळा दिसत नाही.

हे सगळं महिनोन्‌महिने सावकाश होतं, म्हणून शरीर सांभाळून घेतं. रक्तात प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन कमी, तर हृदय जोरात आणि जास्त वेळा धडधडून तेवढाच प्राणवायू पोचवायचा प्रयत्न करतं. बसल्या जागी ते जमतं, जिन्यावर जमत नाही. आईला विचारून बघा: छातीत धडधड व्हायची का, ओठांच्या कडा चिरायच्या का, केस जास्त गळायचे का, नखं मऊ पडून मध्ये खोलगट झाली होती का, सारखा बर्फ चघळावासा वाटायचा का. लोह कमी पडल्याच्या या खुणा आहेत. पोटाचा आजार हृदय, नखं आणि केस सांगत असतात. आपण त्यांना पोटाशी जोडत नाही एवढंच.

इथे मला एक गोष्ट लिहायलाच हवी. माझ्या कामाचं तिसरं वर्ष होतं. एकसष्ट वर्षांचे एक गृहस्थ हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आले. हिमोग्लोबिन ९.१. मी त्यांना तीन महिने लोहाच्या गोळ्या दिल्या, ते १०.८ वर आलं, मला बरं वाटलं आणि मी हर्नियाचं ऑपरेशन करून टाकलं. सात महिन्यांनी ते परत आले तेव्हा पोटाच्या उजव्या बाजूला गाठ माझ्या हाताला लागली. मोठ्या लिंबाएवढी, टणक. तोवर आजार यकृतात पोचला होता. त्यांचं जुनं कार्ड मी काढून पाहिलं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'लोहाच्या गोळ्या सुरू'. कारणाचा रकाना कोरा होता. गोळ्यांनी आकडा वर आला होता, कारण गळती पूर्ण बंद न होताही वरून ओतलं की भांडं थोडं भरतं. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. तो कोरा रकाना मी विसरलेली नाही.

म्हणून सांगते. पाळी कायमची थांबलेली बाई असो किंवा कोणत्याही वयाचा पुरुष, लोहाची कमतरता निघाली आणि तिचं उघड कारण सापडलं नाही, तर दुर्बिणीने जठर आणि मोठं आतडं आतून पाहायला हवं. गोळ्या जरूर घ्या, पण त्यांच्यासोबत 'रक्त कुठे जातंय' हा प्रश्न डॉक्टरांना विचारा. आणखी एक: लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळपट होतो. त्यामुळे नंतर रंगावरून काही ओळखणं आणखी कठीण होतं.

प्रश्न : माझे मेहुणे ६६ वर्षांचे. सहा-सात महिने त्यांना बद्धकोष्ठ होतं, मग अचानक दोन दिवस जुलाब, पुन्हा बद्धकोष्ठ. रेचक घेऊन निभावत होते. एके दिवशी पोट ढोलासारखं फुगलं, वारासुद्धा सरेना. रात्रीच ऑपरेशन झालं, डाव्या बाजूला कर्करोग निघाला आणि पोटावर पिशवी लागली. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर आतडं उजव्या बाजूला फुटलं असतं. गाठ डावीकडे आणि फुटणार उजवीकडे, हे आम्हाला समजलं नाही.

उत्तर : वरच्या पत्रातल्या आजाराचंच हे दुसरं रूप. रोग तोच, जागा वेगळी. डाव्या बाजूला पोचेपर्यंत पाणी शोषलं गेलेलं असतं, मल घट्ट झालेला असतो आणि आतडं अरुंद. तिथली गाठ पुष्कळदा भिंतीच्या पूर्ण घेराला कड्यासारखी धरून वाढते आणि वाट आवळत नेते. मेहुण्यांचे जुलाब हे खरे जुलाब नव्हते. घट्ट मल कड्याच्या मागे तुंबतो, त्याच्या आसपासचा पातळ भाग वाट काढून गळतो. माणसाला वाटतं पोट साफ झालं. म्हणून वयाच्या मध्यावर किंवा पुढे ज्यांची शौचाची सवय बदलते आणि काही आठवडे बदललेलीच राहते, त्यांनी रेचक बदलत बसू नये, तपासून घ्यावं. मल पूर्वीपेक्षा बारीक पडू लागणं, जाऊन आल्यावरही पोट रिकामं झाल्यासारखं न वाटणं, हीही अशाच अडथळ्याची लक्षणं असू शकतात. गाठ गुदाशयात असेल तर ही दुसरी तक्रार फार छळते. आत काहीतरी आहे असं वाटत राहतं, माणूस दिवसातून दहा वेळा जाऊन बसतो, आणि पडतो तो नुसता आव.

आता फुटण्याबद्दल. लहान आतडं मोठ्या आतड्याला जिथे मिळतं तिथे एक झडप असते. ती मागे काही येऊ देत नाही. पुढे गाठीने वाट बंद केली आणि मागे ही झडप घट्ट असली, की मधलं सगळं आतडं दोन्ही टोकांनी बांधलेल्या फुग्यासारखं होतं. वायू साठत जातो, दाब सगळीकडे सारखाच असतो, पण भिंतीवरचा ताण रुंदीप्रमाणे वाढतो. सर्वांत रुंद भाग उजवीकडचा, सुरुवातीचा. म्हणून गाठीपासून हातभर दूर असलेली ती जागा आधी हार खाते. ऑपरेशनमध्ये मी ती पाहिली आहे, ताणून ताणून पातळ झालेली, वरचं आवरण उभ्या रेषांत चिरलेलं. अशा वेळी आत पाहायला फार तर काही तास उरलेले असतात. फुटली तर मल पोटभर पसरतो, आणि मग कर्करोगाआधी जंतुसंसर्गच जीव घेऊ शकतो.

आणि पिशवी. फुगलेल्या, सुजलेल्या आतड्याची दोन टोकं त्याच रात्री जोडली तर जोड सुटायची भीती मोठी असते. त्यामुळे वरचं टोक पोटावर आणून ठेवणं हाच बऱ्याचदा शहाणपणाचा निर्णय असतो. काही महिन्यांनी तब्येत आणि पुढचे उपचार बघून पुष्कळांचं आतडं पुन्हा जोडता येतं. मेहुण्यांच्या सर्जनना तसं स्पष्ट विचारा.

प्रश्न : वय ३४. चार महिने शौचानंतर लाल रक्ताचे थेंब दिसतात. मूळव्याध आहे म्हणून मलम दिलं, तपासलं नाही. या वयात कर्करोगाचा विचार करणं म्हणजे उगाच घाबरणं आहे का?

उत्तर : नाही. मूळव्याधच असण्याची शक्यता जास्त आहे, पण ते न बघता ठरवता येत नाही. बोटाने तपासणी आणि छोट्या नळीतून पाहणं याला पाच मिनिटं लागतात. तिथे रक्ताचं कारण दिसलं नाही, किंवा मलम लावूनही रक्त चालू राहिलं, तर पुढची तपासणी मागून घ्या. चार महिने पुरे झाले. अमेरिकी अभिनेते चॅडविक बोझमन यांना २०१६ मध्ये तिसऱ्या टप्प्याचा मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला आणि २०२० मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी ते गेले. पन्नाशीच्या आत हा आजार अनेक देशांत वाढतो आहे. म्हणूनच अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने काहीही त्रास नसलेल्यांची चाचणी सुरू करण्याचं वय २०२१ मध्ये ५० वरून ४५ वर आणलं. तुम्हाला तर त्रास आहे. त्या वयाच्या अटीशी तुमचा संबंध नाही.

प्रश्न : वडिलांचं आतड्याचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं. आता रक्ताच्या तपासणीत सीईए ४६ आलं आणि स्कॅनमध्ये यकृतात दोन गाठी दिसल्या. त्यांना यकृताचाही कर्करोग झाला का? त्यांनी कधी दारूला हात लावलेला नाही. अजून त्यांना काही त्रासही होत नाही.

उत्तर : वडिलांना दुसरा कर्करोग झालेला नाही, आणि दारूचा या गाठींशी संबंध नाही. यकृतातल्या त्या गाठी आतड्याच्याच पेशींच्या आहेत असं समजायला हवं. सुईने तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर तिथे आतड्याच्या ग्रंथींसारखी रचना दिसते, यकृताची नाही. म्हणून औषधंही आतड्याच्या कर्करोगाचीच दिली जातात.

यकृतच का, तर रस्ता तसाच आहे. आतड्याने शोषलेलं सगळं घेऊन रक्त पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून थेट यकृतात जातं, हृदयाकडे त्यानंतर. अन्नातून आलेलं सगळं आधी यकृताने तपासावं, अशी ही सोय आहे. गाठीतून सुटलेल्या पेशी त्याच शिरेत शिरल्या तर पहिली बारीक जाळी त्यांना यकृतात भेटते, आणि त्या तिथे अडकतात. बऱ्याचशा मरतात. एखादी तगते. गुदाशयाच्या अगदी खालच्या भागातलं काही रक्त मात्र या शिरेत न जाता थेट हृदयाकडे आणि पुढे फुप्फुसात जातं, म्हणून तिथल्या गाठी कधी कधी यकृत वगळून फुप्फुसात दिसतात. तिसरा रस्ता लसिका ग्रंथींचा. ऑपरेशनमध्ये आतड्यासोबत त्या काढतो आणि निदान १२ तरी तपासल्या जाव्यात असा नियम आहे, कारण त्यांत पेशी सापडल्या की टप्पा तिसरा होतो आणि केमोचा सल्ला दिला जातो. चौथा रस्ता, गाठ भिंतीतून आरपार बाहेर आली तर पेशी पोटाच्या आतल्या आवरणावर सांडतात. तिथे बी पेरल्यासारखे पांढरे दाणे उगवतात आणि पोटात पाणी धरतं.

सीईए हे एक प्रथिन. १९६५ मध्ये मॉन्ट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी ते शोधलं. निदानासाठी ते भरवशाचं नाही, नुसत्या धूम्रपानानेही थोडं वाढतं. पण ऑपरेशननंतर खाली आलेला आकडा पुन्हा चढू लागला तर शोध घ्यावा, यासाठी ते फार उपयोगी पडतं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत त्याने तेच काम केलं.

वडिलांना अजून काही होत नाही म्हणता, त्याचंही कारण आहे. यकृताला आतून दुखत नाही. फक्त वरचं आवरण ताणलं तर बरगडीखाली जडपणा येतो, कधी उजवा खांदा दुखतो. कावीळ उशिरा होते, कारण यकृताचा बराच भाग जाईपर्यंत उरलेला भाग काम ओढत राहतो. हाच गुण आपल्या कामाला येतो. निरोगी यकृताचा अर्ध्याहून मोठा भाग काढला तरी उरलेलं काही आठवड्यांत वाढून काम सांभाळतं. दोनच गाठी असतील आणि त्या काढण्याजोग्या जागी असतील, तर ऑपरेशन होऊ शकतं, आणि अशा ऑपरेशननंतर काही जण कायमचे बरे झालेले आहेत. आजार असा दुसऱ्या अवयवात पोचला की त्याला चौथा टप्पा म्हणतात. माझं ठाम मत आहे की 'चौथा टप्पा' हे दोन शब्द ऐकून घरी परतू नका. यकृताची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनला ते स्कॅन दाखवून मगच पुढचं ठरवा.

प्रश्न : माझे यजमान चार महिन्यांत ७१ किलोवरून ५८ वर आले. मी दिवसभर त्यांच्या मागे ताट घेऊन फिरते. दोन घास खातात आणि तोंड फिरवतात. काल मी रागावले, ते रडले. खात नाहीत म्हणून खंगले, की आजार वाढला म्हणून? मी कुठे कमी पडते?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही कमी पडत नाही, आणि ते हट्ट करत नाहीत.

उपाशी माणूस आणि कर्करोगाने खंगणारा माणूस यांच्या शरीरात वेगळं काही चाललेलं असतं. उपाशी शरीर आधी चरबी वापरतं, स्नायू शक्य तितके वाचवतं, आणि खायला मिळालं की पूर्ववत होतं. कर्करोगात गाठ आणि तिच्याविरुद्ध लढणाऱ्या पेशी मिळून रक्तात अशी रसायनं सोडतात की शरीर कायम ताप आल्यासारखं वागू लागतं. स्नायू मोडून त्यांतली प्रथिनं यकृताकडे पाठवली जातात. मेंदूतल्या भुकेच्या केंद्रालाही तीच रसायनं गप्प करतात, म्हणून दोन घासांत खरोखर पोट भरल्यासारखं वाटतं. चव बदलते, आवडीच्या पदार्थाचा वास नकोसा होतो. गालाची हाडं, खांदे, मांड्या आधी उतरतात. खुर्चीतून उठताना त्यांना हाताचा टेकू घ्यावा लागत असेल, तो मांडीच्या स्नायूंमुळे.

आता काय करायचं. पहिलं, त्यांच्या डॉक्टरांकडून दुरुस्त होण्याजोगी कारणं शोधून घ्या: तोंड आलं आहे का, बद्धकोष्ठ आहे का, मळमळ आहे का, कुठे दुखतंय का, आतडं अर्धवट अडलं आहे का, मन खचलं आहे का. यांतल्या प्रत्येकावर औषध आहे, आणि एक जरी कारण दूर झालं तरी खाणं सुधारतं. दुसरं, मोठं ताट समोर ठेवू नका. लहान वाटीत, दर दोन-अडीच तासांनी, प्रथिनं जास्त असतील असं. सकाळी भूक थोडी बरी असते, तेव्हाचं खाणं भरीव ठेवा. तिसरं, त्यांना रोज थोडं चालवा, बसून पाय उचलायचे व्यायाम करून घ्या, कारण हालचाल नसेल तर खाल्लेलं प्रथिन स्नायूंत जात नाही. एका पायाची पोटरी सुजली, दुखली, किंवा एकाएकी दम लागला तर सकाळची वाट पाहू नका. या आजारात रक्ताच्या गुठळ्या होण्याचं प्रमाण जास्त असतं.

आणि जेवणाच्या वेळेला दिवसातून एकदा तरी त्यांच्याजवळ नुसत्या बसा. हातात ताट नको. त्यांना तुमची सोबत हवी असते आणि तुम्ही आलात की खाण्याचा विषय निघणार, अशी भीती वाटते. किती तरी रुग्णांनी मला हे एकांतात सांगितलं आहे.

प्रश्न : तिसऱ्या टप्प्यासाठी केमो चालू आहे. फ्रिजमधली बाटली धरली की बोटांत वीज जाते, थंड पाणी प्यायलं की घसा आवळतो. हे कायमचं आहे का? आणि व्यायामाने खरंच काही फरक पडतो का?

उत्तर : हा ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोतल्या औषधाचा परिणाम. थंडीने येणारा झटका सहसा काही दिवसांत ओसरतो. तोवर कोमट पाणी, हातमोजे. मात्र थंडीशिवायही बोटं बधिर राहू लागली, शर्टाचं बटण लावता येईना, तर पुढच्या डोसआधी सांगा. सहन करून दाखवायची ही गोष्ट नाही. हा बधिरपणा औषध थांबल्यावरही काही महिने वाढू शकतो, आणि काहींना थोडा कायमचा राहतो. तिसऱ्या टप्प्यातही कमी धोक्याचा गट असेल तर काही पद्धतींत सहाऐवजी तीन महिन्यांची केमो जवळपास तेवढीच उपयोगी पडते, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या एकत्रित अभ्यासाने दाखवलं. तुमचा गट कोणता ते विचारा.

व्यायामाबद्दल आता नुसती आशा उरलेली नाही, पुरावा आहे. ८८९ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. केमो संपल्यानंतर तीन वर्षं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्या गटात आठ वर्षांनी ९० टक्के रुग्ण हयात होते, फक्त माहितीपुस्तिका दिलेल्या गटात ८३ टक्के. एखाद्या औषधाने एवढा फरक दाखवला असता तर आम्ही ते सगळ्यांना लिहून दिलं असतं.

प्रश्न : पोटावर स्टोमा, म्हणजे आतड्याचं बाहेर आणलेलं तोंड, करून महिना झाला. मी अजून त्याच्याकडे पाहिलेलं नाही. बहीण पिशवी बदलते, मी छताकडे बघते. हात लावला तर दुखेल का? रक्त येतं असं ती म्हणाली.

उत्तर : दुखणार नाही. आरशासमोर उभ्या राहून खालचा ओठ उलटा करून पाहा. तोच रंग, तोच ओलेपणा, तसंच मऊ. तुमच्या आतड्याचं अस्तर बाहेर वळवून शिवलेलं आहे, आणि वर लिहिलं तसं त्याला बोचल्याचं कळत नाही. अस्तर नाजूक असल्यामुळे पुसताना कापसावर लाल ठिपका येतो, दात घासताना हिरड्यांतून येतो तसा. तेवढं चालतं. रंग जांभळा-काळा पडला, किंवा पिशवीत रक्त साचलं, तर मात्र लगेच फोन करा.

सूज उतरत असल्याने पहिले सहा-आठ आठवडे स्टोमा लहान होत जातो. बहिणीला सांगा, पहिल्या दिवशीच्या मापाने भोक कापत राहू नकोस, दर आठवड्याला मोजून घे. भोक मोठं राहिलं की मल कातडीला लागतो, आग होते, आणि त्या आगीलाच रुग्ण स्टोमा दुखतोय म्हणतात. पिशवी तिसरा हिस्सा ते निम्मी भरली की रिकामी करा, जड होऊ देऊ नका. अंघोळ पिशवीसकट किंवा पिशवीशिवाय, दोन्ही चालतं. पहिल्यांदा बघाल तेव्हा बहिणीला जवळ बसवा.

प्रश्न : आईला ५२ व्या वर्षी हा आजार झाला. माझा धाकटा भाऊ ४३ चा आहे, ठणठणीत आहे, आणि 'मला काही होत नाही तर नळी का घालून घेऊ' म्हणतो. त्याला काय सांगू?

उत्तर : आई, वडील किंवा भावंडांपैकी कुणाला साठीच्या आत हा आजार झाला असेल, तर चाळिसाव्या वर्षी किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करावी. भावाचं चाळिसावं उलटून तीन वर्षं झाली. तुम्हीही करून घ्या. शिवाय आईच्या गाठीवर एमएमआर नावाची तपासणी (पेशीतली डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा शाबूत आहे का, ते पाहणारी) झाली होती का, ते जुन्या कागदांत बघा. तीत दोष निघाला असेल तर आजार आनुवंशिक असण्याचा विचार करावा लागतो, आणि मग तपासणीचं वेळापत्रकच बदलतं.

काही होत नाही, म्हणूनच करायची, हे त्याला समजावून सांगा. बहुतेक कर्करोग आधी पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची छोटी वाढ, म्हणून उगवतात, आणि पॉलिपचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. त्या दहा वर्षांत माणसाला कसलाही त्रास नसतो. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी दुर्बिणीतूनच तारेच्या फासाने पॉलिप काढायला सुरुवात केली. त्याआधी मोठ्या आतड्याच्या वरच्या भागातला पॉलिप काढायला पोट उघडावं लागायचं.

आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध घेणं हा यातला खरा कंटाळवाणा भाग. तपासणी बहुधा अर्ध्या-पाऊण तासात, गुंगीत होते. मी काय बघते ते त्याला सांगा. पडद्यावर गुलाबी, ओलसर, चकचकीत बोगदा असतो, भिंतीवर पानाच्या शिरांसारख्या बारीक रक्तवाहिन्या. मध्येच एखाद्या घडीमागे देठावर उभा असलेला लालसर गोळा दिसतो, वाटाण्याएवढा. त्याच्या देठाभोवती फास टाकायचा, आवळायचा, आणि तो सुटून येतो. रुग्णाला ते कळतही नाही. तो गोळा बाटलीत घालून तपासायला पाठवते, आणि त्या जागी एक पांढरट ठिपका उरतो. तीन वर्षांनी पुन्हा पाहते तेव्हा तो ठिपका मला शोधावा लागतो.